एक हरकत वगळता

आमच्या गावच्या ग्रामसभेत ठराव कसा मंजूर व्हायचा ते आधी सांगते, म्हणजे ठकूआत्या कोण हे निराळं सांगायला नको. मारुतीच्या सभामंडपात भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, ठराव वाचायचे. वाचून झाला की चष्म्यावरून दाराकडं बघत विचारायचे, "कोणाची हरकत?" दाराशी चपलांच्या ढिगाशेजारी मांडीवर करडू घेऊन बसलेली एक म्हातारी काठी वर करायची. "हाय." भाऊसाहेब मान डोलवून लिहायचे : एक हरकत वगळता सर्वानुमते मंजूर. मग चहा यायचा.

नवीन बदलून आलेले भाऊसाहेब पहिल्या सभेला दचकत. एकानं तर पेन खाली ठेवून अदबीनं विचारलं होतं, "आजी, हरकतीचं कारण काय लिहू?"

"कारन मागनं सांगते," ठकूआत्या म्हणाली. "आदी कशावर चाललंय ते सांग लेकरा."

तिला सगळे लेकरूच. ग्रामसेवक लेकरू, तहसीलदार लेकरू, एकदा पोलीस पाटलाच्या सत्काराला आलेला पांढऱ्या मिशांचा फौजदारसुद्धा लेकरू. मी मात्र लेकरू नव्हते. मी आधी 'बाय' होते, मग 'सरपंचीनबाई' झाले, आणि खुर्ची गेल्यावर नुसती 'सुमी'.

नात्यानं ती माझी चुलत सासू. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत, म्हणून ठकूआत्या. तोंडावर अहो-जाहो आणि पाठीमागं ती. तिचं घर आणि आमचं घर यांत एकच भिंत, आणि तिला ऐकू फार चांगलं यायचं.

मी बेलापूरची. श्रीरामपूरशेजारचं बेलापूर, कालव्याखालचं. तिकडं घराबाहेर पाऊल टाकलं की ऊस लागतो. लग्न होऊन तिसगावच्या पलीकडच्या या माळावर आले, तेव्हा पहिल्याच सकाळी परसात उभी राहून मी नवऱ्याला विचारलं, "ही एवढी जमीन पडीक का टाकलीय?" मला वाटलं होतं, फार हुशारीचा प्रश्न विचारला. बागाईतातनं आलेली मुलगी, आता या लोकांना शेती शिकवेल. नवरा काही बोलायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला.

"पडीक न्हाई बाय, गायरान हाय. पडीक आसती तर तुज्या सासऱ्यानं कवाच नांगरली आसती."

ही आमची ओळख. तोंड दिसलं ते दुपारी.

तोंड म्हणजे काय, मिश्रीनं काळे झालेले दात आणि वर दोन बारीक, कायम कुणाची तरी चूक शोधत असलेले डोळे. अंगानं काटकुळी. काठी हातात असायची, पण टेकायला नव्हे. काठी शेळ्यांना दाखवायला, कुत्र्याला मारायला आणि ग्रामसभेत वर करायला. हात वर करायला तिला कमीपणा वाटायचा. "हात शाळंतली पोरं वर करत्यात," म्हणायची.

दसरा झाला की आमचं निम्मं गाव कोयते आणि भांडीकुंडी घेऊन ट्रकात बसतं आणि ऊसतोडीला जातं, ते थेट उन्हाळा तोंडावर येईतो परत येत नाही. माझ्या माहेरचा ऊस माझ्या सासरची माणसं तोडतात, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. ठकूआत्याच्या लक्षात पहिल्या दिवशी आलं होतं. "तुमच्याकडची मान्सं ऊस खात्यात, आमच्याकडची तोडत्यात," एवढं म्हणून तिनं माझी सोयरीक निकालात काढली.

ट्रक गेले की त्या घरांतल्या शेळ्या ठकूआत्याच्या दारात यायच्या. अर्धलीनं. म्हणजे सांभाळायचं हिनं, आणि हंगामात जी करडं होतील त्यातली निम्मी हिची, निम्मी मालकाची. कागद नाही, साक्षीदार नाही. कुठली शेळी कुणाची ते विसरू नये म्हणून तिनं साधी सोय केलेली होती. शेळीला मालकाचंच नाव. त्यामुळं हिवाळाभर गायरानातून हाका ऐकू यायच्या. "ए सखाराम, मागं फिर." "गंगुबाय, लेंडी टाकायला दुसरी जागा न्हाई का?" "बबन्या, लोकाच्या बांधात तोंड घालतोस, पाय मोडीन तुजा." बिचारा बबन तिकडं शे-दोनशे कोसांवर कुणाच्या तरी उसात वाकलेला असायचा आणि इकडं गावात त्याची अब्रू जायची. हा बबन पुढं आमचा सरपंच झाला. ठकूआत्याच्या सवयीत त्यामुळं काही फरक पडला नाही.

हरकत घ्यायला तिला सभाच लागायची असंही नाही. बारशाला पाळण्यापाशी बाळाच्या कानात नाव सांगतात ना, तिथंही ती हजर. माझ्या नातीचं नाव स्वरा ठेवलं तर म्हणाली, "हरकत हाय. माळावरनं हाक मारली तर अर्ध्यात विरून जाईल. 'कोंडाबाय' म्हना, पार डोंगराला आपटून येतंय का न्हाई बगा." मोबाईलचा टॉवर आला तेव्हा त्यावर वीज पडेल म्हणून हरकत घेतली. वीज पडली ती तिच्याच बाभळीवर. गायरानाच्या चढाला पाणी मुरवायचे चर खणले, तेव्हा माती उकरून डोंगराला खरूज लावताय म्हणाली. पावसाळ्यानंतर खालच्या विहिरींना पाणी वाढलं. मी मुद्दाम तिला घेऊन गेले दाखवायला. तिनं वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"लई वर आलंय," म्हणाली. "शेळी बुडंल."

तेव्हा ठकूआत्याचं म्हणणं नेहमी खरं निघायचं, असा कुणी समज करून घेऊ नये. निम्म्या वेळा ती सरळ चुकायची. राहिलेल्या वेळांपैकी काहींत तिला शेजारणीचं नुकसान व्हायला हवं असायचं. पण थोडं उरायचं, आणि त्या उरलेल्यात मी सापडले.

मी सरपंच झाले ते बायकांच्या आरक्षणामुळं. गावात दहावी झालेली सून मी एकटी, आणि नवऱ्याला माझी कटकट घराबाहेर जायला हवी होती. जिल्ह्याच्या गावी आम्हाला प्रशिक्षणाला नेलं. पिशवी दिली, पेन दिलं, दुपारी पुरी-श्रीखंड दिलं. तिथून मी दोन शब्द घेऊन आले. एक 'तापमानवाढ' आणि दुसरा 'शाश्वत'. कुठंही वापरायची. हळदीकुंकवाला सुद्धा म्हटलेलं आठवतंय की बायकांनो, आपलं वाण शाश्वत असावं. सगळ्या जणी 'व्हय व्हय' म्हणाल्या आणि स्टीलच्या वाट्या घेऊन गेल्या.

त्या काळात डिझेलच्या झाडाचं वारं आलं होतं. मोगली एरंडाची एक जात. तिच्या बियांतून तेल निघणार, तेलावर ट्रॅक्टर चालणार, धूर कमी होणार, जग थंड होणार आणि आमचं गाव श्रीमंत होणार, अशा क्रमानं. जागा कुठली, तर गायरान. झाडं मोठी होईतो तिथं चराईबंदी. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. त्या 'पडीक' माळाचं काहीतरी करावं हे माझं पहिल्या सकाळपासूनचं स्वप्न. मी भाषण पाठ केलं, आरशासमोर म्हटलं, अंबाडा उंच बांधला आणि सभेत उभी राहिले. सगळ्या पृथ्वीचा ताप वाढलाय, आपण आज एक झाड लावलं तर उद्याची पिढी, वगैरे. भाऊसाहेबांनी विचारायच्या आतच काठी वर झाली.

"हरकत हाय."

"का हो आत्या?" मी प्रशिक्षणात शिकवलेलं हसू हसले.

"जग तापलंय म्हनलीस. आपलंच का सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. अमेरिकेचंसुद्धा."

"मंग झाडं माज्याच शेळ्यांच्या वाटंत का?"

सभा हसली. मला वाटलं, तिला हसली. मी समजावून सांगितलं की हे झाड शेळ्या खातच नाहीत, त्यामुळं नुकसान होत नाही, हाच तर मोठा फायदा आहे.

"शेळी खात न्हाई?" ठकूआत्या मांडीवरच्या करडाकडं बघून म्हणाली. "मंग त्याला झाड कशापायी म्हनायचं?"

एक हरकत वगळता सर्वानुमते मंजूर. दोन वर्षं शेळ्या डोंगराच्या पलीकडून फिरवून न्याव्या लागल्या. काही घरांनी तिसगावच्या बाजारात विकल्या. झाडं मात्र लागली. बियाही आल्या, पण त्या न्यायला कुणी आलं नाही. ज्यांनी झाडं दिली ते साहेब बदलून गेले होते आणि नव्या साहेबांकडं नवी योजना होती. बियांचा एकच उपयोग झाला, शाळेतल्या पोरांनी भुईमूग समजून खाल्ल्या आणि सगळी शाळा वांत्या करत घरी आली. त्यानंतर कुणी माझ्यासमोर 'शाश्वत' म्हटलं की मला शाळेचं पटांगण आठवायचं.

मी झाडं उपटायचा ठराव मांडला. ठकूआत्यानं काठी वर केली.

"आता काय?" मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. शेळी खात न्हाई म्हून कुंपनाला चांगली हायेत." तोही ठराव तसाच मंजूर झाला, झाडं उपटली; पण तिनं आधीच फांद्या तोडून आपल्या वाड्याभोवती रोवल्या होत्या. माझ्या कारकिर्दीतलं तेवढंच काम अजून उभं आहे, ठकूआत्याच्या शेळवाड्याभोवती. लोक मला विचारतात, तुम्ही सरपंच असताना काय केलंत. मी ते कुंपण दाखवते.

माझी खुर्ची गेली. माझ्यामागून आलेल्यांनी आपापली स्वप्नं गायरानात लावून बघितली, काही जगली, काही वाळली. प्रत्येक ठरावाला काठी वर व्हायची आणि वाक्य तेच लिहिलं जायचं. हळूहळू हाती लिहायचं थांबून संगणकावर आलं, तेव्हा भाऊसाहेब ते वाक्य आधीच टाईप करून आणायला लागले. आमच्या पुढाऱ्यांपैकी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. गावानं शेळ्यांसारखीच हरकतसुद्धा तिच्याकडं अर्धलीनं दिलेली होती. सांभाळायची तिनं, आपण निवांत.

मग सोलर आलं.

आता हे नीट सांगितलं पाहिजे, कारण या वेळी मी सोलरच्या बाजूची होते, आणि आजही आहे. आमचा दिलीप, माझा मुलगा, विहिरीवर कांदा करतो. शेतीची लाईट रात्रीची. म्हणजे थंडीत, सगळं गाव गोधडीत असताना, हा बॅटरी घेऊन दारं धरायला जाणार, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवत उभा राहणार. पलीकडच्या शिवारात बिबट्यानं वासरू नेलं तेव्हापासून तो परत येईतो माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. बबन सरपंच सांगत आला की गायरानात सोलरच्या प्लेटा बसणार, त्यातून आपल्या मोटारींना दिवसाची लाईट मिळणार, कोळसा जळायचा वाचणार. कोळशाचं मला काही घेणं नव्हतं. मी फक्त 'दिवसाची' एवढंच ऐकलं.

त्यासाठी ग्रामसभेचा ना-हरकत ठराव लागत होता. सभा ठेवली भर थंडीत, ऊसतोडीच्या हंगामात. निम्मं गाव ट्रकात बसून गेलेलं. ज्यांच्या शेळ्या गायरानात चरत होत्या त्यांच्यापैकी शेळ्याच तेवढ्या गावात होत्या. हे कुणी मुद्दाम केलं होतं असं मी म्हणत नाही. आमच्याकडं सोयीच्या गोष्टी आपोआपच होतात.

सभेच्या आदल्या संध्याकाळी मी चहाची किटली घेऊन भिंतीपलीकडं गेले. ठकूआत्या एका शेळीच्या कानातल्या गोचड्या काढत बसली होती. वय झालं होतं, पण गोचडी तिला अजून बिनचष्म्याची दिसायची.

"आत्या, उद्या सभा आहे."

"ठावं हाय."

"दिलीप रात्रीचा रानात जातो. तुम्ही बघताच."

"बगती की."

"तुमच्याच अंगाखांद्यावर वाढलाय."

तिनं चहा बशीत ओतला, भुरकला, बशी खाली ठेवली. "रातची लाईट बी त्यांनीच दिली, आता दिवसाची देनार बी तेच. मधल्या मधी माजं गायरान ग्येलं." मग शेळीचा दुसरा कान हातात घेत, "येवड्या शेळ्या घेऊन मी जाऊ कुठं, सुमे? माज्या येकटीच्या असत्या तर इकल्या असत्या. लोकाच्या हायेत. त्यांनी इस्वासानं ठिवल्या. चैतात येतील तवा काय दाऊ, प्लेटा?"

  मी किटली उचलली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सभामंडप बऱ्यापैकी भरला. कंपनीचे साहेब आले होते, तरुण, बूट चकचकीत. मोठ्या कागदावर निळ्या प्लेटांचं चित्र होतं. साहेब चांगलं बोलले. माझ्यापेक्षा चांगलं, आणि 'शाश्वत' फक्त एकदा म्हणाले. भाऊसाहेबांनी टाईप केलेला ठराव वाचला, सवयीनं दाराकडं बघितलं. "कोणाची हरकत?"

काठी वर झाली नाही. आवाज मात्र आला. "न्हाई."

भाऊसाहेबांच्या कानाला एकाच शब्दाची सवय. ते मान डोलवून पुढं वाचायला लागले, "तरी एक हरकत वगळता सर्वानुमते..."

"आरं लेकरा, न्हाई म्हनले मी. हरकत न्हाई. खोटं लिवू नको."

 मला आतून असा आनंद झाला म्हणून सांगू. माझा चहा. माझे शब्द. म्हातारीचं मन वळवणारी मीच, असं म्हणत मी मनातल्या मनात अंबाडा उंच बांधून घेतला.

दुधाचे कॅन गोळा करणारे गुलाबमामा माझ्या पुढंच बसले होते. जन्मात सभेत बोललेले नाहीत. ते मागं वळले. "ठकूआत्या, बरं हाय ना तुमाला?"

"मला काय झालंय?"

"न्हाई, कंपनीनं काय दिलंबिलं का?"

"सुमीनं च्या दिला. साखर कमी हुती."

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी पदर सारखा केला.

मग जे झालं ते त्या साहेबांना अजूनही कळलं नसेल. लोक एकमेकांकडं बघायला लागले. ठकूबाई हरकत घेत नाही म्हणजे यात काहीतरी आहे, ही कुजबूज मागून पुढं आली. जन्मभर जी बाई कशालाही आडवी आली, ती इथं आडवी येत नाही. इतकी वर्षं प्रत्येकाला माहीत होतं की हरकत कुणीतरी घेतंय, म्हणून आपण मान डोलवायला मोकळे. आज ती जागा रिकामी होती आणि थंडीच्या दिवसांत दार उघडं राहावं तसं सगळ्यांना लागत होतं.

गुलाबमामा हळूच उठले. "मंग... माजी हरकत धरा."

"तुमची काय म्हणून?" भाऊसाहेब.

"कुनाची तरी पायजे ना."

"तसं नसतं मामा. कारण सांगा."

मामांनी टोपी काढली, बघितली, परत घातली. "माजी येक म्हस हाय. ती वड्याच्या काठाला चरती. तिकडं बी तार मारनार का?" असं म्हणून झाल्यावर स्वतःच चकित झाल्यासारखे खाली बसले.

बबन सरपंचाला घाम फुटला होता. तो खुर्ची सोडून दारापर्यंत गेला आणि ठकूआत्यापुढं उकिडवा बसला. "आवं आत्या, तुमी घ्या ना हरकत. म्हंजे पुढं जाता येईल."

"न्हाई घेत, बबन्या."

"सालाबादपरमानं घ्या."

"न्हाई."

साहेब भाऊसाहेबांकडं वाकून म्हणाले, "पण आजींची हरकत नाही, हे चांगलंच झालं ना?"

"साहेब," भाऊसाहेब म्हणाले, "तीच अडचण आहे."

मग सिंधू उठली. दिवस भरत आलेले म्हणून ती यंदा तोडीला गेली नव्हती. भिंतीला हात टेकून उभी राहिली. "आमची मान्सं तिकडं कोयता चालवत्यात. शेळ्या त्यांच्या, गायरान बी त्यांचं. ती आल्यावर करा काय करायचं ते. आज माजी हरकत."

आमच्या दिलीपला राहवेना. "हरकत घेनाऱ्यांनी येक रात माज्यासंगं दारं धरायला यावं. मंग बोलावं."

"येते की," सिंधू म्हणाली. "आमी बी पहाटं उसातच उभ्या आस्तो दिलीपभाऊ. बिबट्या तिथं बी तोच हाय."

  दोघांचंही खरं होतं, आणि मला त्यातलं एकच खरं सोयीचं होतं. शेवटी दिलीप म्हणाला, "बरं. येऊ द्या मान्सं. पर दिवसाची लाईट सोडायची न्हाई, हे बी लिवा त्यात." मग आणखी चार-पाच जण उठले. कुणाला देवराईची वाट हवी होती, कुणाला मुरूम, एकाला काहीच नको होतं पण आज बोलायची लाट आली होती. भाऊसाहेबांच्या टाईप केलेल्या वाक्यात एवढ्या हरकती बसेनात. सभा तहकूब झाली. चहा तयार झाला होता, पण घ्यायला कुणी थांबलं नाही, सगळे भांडत भांडत बाहेर गेले.

घरी येताना मी तिला गाठलं. "आत्या, हे काय केलंत?"

"काय केलं? काय सुदिक न्हाई केलं."

"दिलीपसाठी हरकत घेतली नाहीत?"

ती चालत राहिली. करडू खांद्यावर होतं. "सुमे, मी आजवर ज्याला ज्याला हरकत घेतली ते समदं मंजूर झालं. येक बी चुकलं न्हाई. म्हनलं, येकदा न्हाई घेऊन बगावं."

हे खरं, की दिलीपसाठी, की माझ्या कमी साखरेच्या चहासाठी, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी पुन्हा विचारलं तर म्हणाली, "पुन्यांदा इचारशील तर त्याला बी हरकत घीन."

ट्रक परत आल्यावर दुसरी सभा झाली. ती सभा कसली, सोयरीक मोडल्यासारखा दिवसभर गलका. सखाराम, गंगुबाई, सगळी खरी माणसं हजर. शेवटी प्लेटा गेल्या वरच्या खडकाळ अंगाला, आणि ओढ्याकडचं गवताचं अंग शेळ्यांना राहिलं. कंपनीला पाहिजे होती त्याहून जागा कमी मिळाली, गावाला पाहिजे होतं त्याहून गायरान कमी उरलं, आणि दोन्हीकडचे लोक आपण फसलो म्हणतात, त्यावरून मला वाटतं बरंच बरोबर झालं असावं. दिवसाची लाईट आली. ढग आले की ती जाते आणि दिलीप आभाळाला शिव्या देतो, पण रात्री घरात झोपतो. मीही झोपते. फक्त तारेचं कंपाउंड शेळ्यांच्या जुन्या वाटेवरून गेलं. ओढ्याकडं जायला ठकूआत्याला सगळ्या प्लेटांना वळसा घालावा लागायचा, आणि तेवढं चालणं तिच्या वयाला जास्त होतं. हे दुसऱ्या सभेत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तिच्याही.

तिला मी शेवटचं धड पाहिलं ते प्लेटा बसल्यानंतरच्या दुसऱ्या वैशाखात. त्यानंतर तिनं अंथरूण धरलं, आणि श्रावण लागला तेव्हा भिंतीपलीकडं शांत झालं होतं.

वैशाखात आमचा माळ कसा असतो ते बघितल्याशिवाय कळत नाही. ओढा कोरडा, गवत जळालेलं, जमीन अशी तापलेली की चप्पल चिकटावी. पण कंपनी प्लेटांवरची धूळ धुवायला टँकर आणायची. गावाला टँकर चार दिवसांआड, प्लेटांना वेळेवर. ते पाणी निथळून खाली पडायचं आणि प्लेटांच्या सावलीत, तारेच्या आत, गुडघाभर हिरवंगार गवत आलं होतं. सगळ्या शिवारात हिरवं तेवढंच.

मी संध्याकाळी तिला बघायला वर गेले. ठकूआत्या तारेला लागून मांडी घालून बसली होती. उन्हं उतरली होती, आणि शेवटच्या रांगेची सावली तारेतून बाहेर येऊन लांबवर पडली होती. त्या सावलीत शेळ्या ओळीनं उभ्या, मालक परतले तरी अजून तिच्याच राखणीत. म्हातारीनं काठीच्या टोकाला विळा बांधला होता आणि तो तारेखालून आत घालून ती निवांत गवत कापून बाहेर ओढत होती. लांब फाटकापाशी वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. त्यानं पाठ आमच्याकडं करून घेतली होती, आणि ती पाठ अगदी मुद्दाम केलेली दिसत होती.

"आत्या, ते कंपनीचं गवत आहे."

"व्हय का? त्याला उगवायला कुनाचा ठराव झालता?"

मी शेजारी बसले. सत्तरीला टेकलेली माजी सरपंच, गुडघे धरून. तिनं गवताची पेंढी गंगुबाईपुढं टाकली, सखारामला ढकललं, विळा परत आत घातला.

"बसलीस ती कामाला लाग," म्हणाली. "खालनं कंपनीची जीप दिसली तर खोक."

मी रस्त्याकडं बघत बसले. रस्ता मोकळा होता. पार तिसगावच्या वळणापर्यंत धूळ नव्हती. बराच वेळ मी शहाण्यासारखी राहिले. मग मला राहवेना, आणि मी खोकले.

ठकूआत्यानं काय चपळाई केली. विळा सर्रकन बाहेर, काठी मांडीखाली, पदर डोक्यावर, आणि डोळे मिटून एकदम 'राम कृष्ण हरी' सुरू. शेळ्यांनी माना वर केल्या. वॉचमनही खुर्चीतून उठून टोपी सारखी करायला लागला. तिनं एक डोळा उघडून रस्त्याकडं बघितलं, मग दुसरा उघडून माझ्याकडं. मी तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते.

मग तिनं मला जी शिवी दिली ती इथं लिहिता येणार नाही. तिच्यात माझं माहेर होतं, माझी सरपंचकी होती, माझ्या सासूचा उल्लेख होता आणि शेवटी माझं म्हातारपण काढलं होतं. ती शिवी बराच वेळ चालली, वॉचमन हसून हसून परत खुर्चीत बसला, आणि शेळ्या खाली माना घालून कंपनीचं गवत खात राहिल्या.